अकराची भेट

अहो, आळस कुणाला नसतो? पण अनुष्काचा आळस हुशार होता, तिथंच घात झाला. पोलादपूरच्या पुढं, कशेडीच्या अंगाला असलेल्या उपकेंद्रात ती आरोग्यसेविका. वरच्या वाडीत प्रयागबाई एकटी राहायची. तिच्याकडे रोज जायचं, बीपी मोजायचं, त्या दिवसाच्या गोळ्या द्यायच्या आणि खाली येऊन कॉम्प्युटरवरच्या डायरीत नोंद करायची. चढण तासाभराची! मग अनुष्कानं महिन्याच्या भेटी आधीच तीस टेक्स्ट फायलींत लिहून ठेवल्या आणि एक प्रोग्रॅम बसवला. रोज अकराला तो एक फाईल उचलायचा आणि तारीख घालून डायरीत टाकायचा : ‘भेट दिली. बीपी नॉर्मल. तक्रार नाही.’ कागदी घोडे आपोआप नाचू लागले. गोळ्या मात्र उपकेंद्राच्या कपाटातच पडून.

शनिवारी सकाळी प्रयागबाईचे शेजारी गोमाजी धापा टाकत खाली आले.

“प्रयागबाई गेली गो. पहाटे दार फोडलं. डॉक्टर म्हनतो, चार दिस झाले.”

अनुष्कानं विचारलं, “चार दिवस... आणि कुणी बघितलं नाही?”

“वास येत होता. पन रोज अकराला आतनं तुझा आवाज यायचा. म्हटलं, नर्सबाई येतेय, म्हंजे म्हातारी बरी हाय.”

“माझा...?”

“काल पन आलीस ना? यंत्रात हवा भरल्याचा आवाज आला. ‘तक्रार नाय ना, आजी?’ असं इचारलंस.” गोमाजींचा आवाज खाली गेला. “आन् मंग... तूच म्हनालीस, ‘नाय’.”

मी गेलेच नव्हते, हे तिनं दाबून ठेवलं. सांगितलं तर नोकरी जाणार. म्हातारी कुजून गेली, आणि हिला आधी नोकरी आठवली! गोमाजींची पाठ वळताच तिनं मंगळवारपासूनच्या नोंदी पुसायला डायरी उघडली. प्रत्येक नोंदीखाली तिनं न लिहिलेली एक ओळ होती : ‘रुग्ण गोळ्या मागते.’ मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी, कालसुद्धा. फायली उघडून पाहिल्या, तर त्यांत तिचाच मजकूर, एक अक्षर जास्त नाही.

तिनं सगळ्या नोंदी पुसल्या. फायली पुसल्या. प्रोग्रॅमही काढून टाकला. मनात म्हणाली, सुटले बाई.

अकरा वाजले. डायरीत आजची तारीख उमटली, आणि तिच्यापुढं एकेक अक्षर :

‘भेट दिली. रुग्ण घरी नाही. गोळ्या आणायला खाली गेली.’