पुसलेल्या काचेतला रस्ता

दुपारी तीनच्या सुमाराला ताईने आपली जुनी पिकअप गॅरेजच्या दारात उभी केली, तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. मागे ऑक्सिजनचे बारा सिलिंडर साखळीने बांधलेले. घाटापलीकडच्या हॉस्पिटलमधला साठा जेमतेम सहापर्यंत पुरणार होता, आणि नेमके आजच वायपर संपावर गेले होते.

"छोट्या, अर्ध्या तासात कर बाबा काहीतरी."

छोट्याचे केस पांढरे व्हायला लागले होते, गाड्यांचा वायरमन म्हणून गावभर नाव होतं; पण ताईपुढे तो छोट्याच.

त्याने फ्यूज पाहिला. शाबूत होता. वायरला टेस्ट लॅम्प लावला, तर दिवा लख्ख पेटला. म्हणजे करंट वायपरच्या मोटरपर्यंत येत होता. मोटर उघडली आणि जळका वास नाकात शिरला. नवी यायला दोन दिवस लागले असते. फळीवर याच मॉडेलची एक जुनी मोटर पडून होती, भंगारातून आणलेली. ती कुठल्या गाडीची हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच वर्षभर तो तिच्या वाटेला गेला नव्हता. आज त्याने ती बसवली, आणि ताईला एका शब्दाने सांगितलं नाही.

वायपर झकास फिरले. तरी त्याच्या जिवाला चैन पडेना. तो ताईच्या शेजारी चढून बसला.

"का रे? माझ्यावर भरवसा नाही?"

"वायपरवर नाही."

घाट लागला. वायपर आपले इकडून तिकडे, तिकडून इकडे. छोट्याने बाजूच्या खिडकीतून पाहिलं. ओली झाडं, दुपारचा पांढुरका उजेड. मग त्याने समोर पाहिलं. वायपरने पुसलेल्या काचेत रात्र होती. मिट्ट काळोख, आणि हेडलाइटच्या झोतात चकाकणारा रस्ता. ताईने दिवे लावलेच नव्हते.

"ताई... तुला समोर काय दिसतंय?"

"रस्ता. दुसरं काय दिसणार?"

काचेतला रस्ता सरळ जात होता. खिडकीबाहेरचा कठडा मात्र वळला. छोट्याने जिवाच्या आकांताने हँडब्रेक ओढला. गाडी घसरत जाऊन कठड्याच्या फुटक्या दगडाला टेकली. पलीकडे दरी होती.

त्याने उतरून मोटर सोडवली आणि सगळं सांगून टाकलं. "ती गाडी इथूनच खाली गेली होती गं. सकाळी सापडली... तेव्हाही वायपर चालूच होते. चुकलं माझं. घाईघाईत..."

ताईने त्याला चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. ती नुसतीच म्हणाली, "पण रस्ता तर सरळ होता."

त्याने मोटर दरीत भिरकावली. उरलेला घाट तिने खिडकीबाहेर डोकं काढून, मुंगीच्या पावलांनी पार केला.

साडेपाचला सिलिंडर हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये उतरले. शेवटचा आत जाताना बघून छोट्याला रडू फुटलं. बहीण धडधाकट होती, सिलिंडर पोचले होते, आणखी काय हवं होतं? त्याने किल्ली काढून खिशात टाकली आणि चहा आणायला गेला.

परत आला तर ताई स्टिअरिंगसमोर बसलेली. इंजिन बंद, पुढे हातभर अंतरावर हॉस्पिटलची भिंत. किल्ली काढली की या गाडीचं स्टिअरिंग जागीच अडकायचं. आत्ता ते ताईच्या हातात सहज फिरत होतं, थोडं इकडे, थोडं तिकडे. डोळे बारीक करून ती काचेतून लांबवर बघत होती.

"ताई, उतर ना... चहा आणलाय..."

"बोलू नकोस रे," ती नजर न हलवता पुटपुटली. "आलंच ते ठिकाण आता. आणि या वेळी हँडब्रेकला हात लावू नकोस."