नऊ दशांश सेकंद

सकाळी साडेदहाला शलाका वैरागडे खुर्चीत येऊन बसली तेव्हा तिच्यापुढे करण्यासारखं काहीच नव्हतं. हल्ली रोजच तसं असे. नागपूरच्या मूत्रपिंड जुळवणी केंद्रात ती डेटाबेस सांभाळायची. पाच राज्यांत मूत्रपिंडासाठी थांबलेल्या एकवीस हजार रुग्णांची माहिती तिच्या सर्व्हरवर होती. एका तक्त्यात माणसं, दुसऱ्यात त्यांचे रक्तगट, तिसऱ्यात चाचण्या, आणि हे सगळे तक्ते एकमेकांशी नात्यांनी जोडलेले. पूर्वी तिचा अख्खा दिवस या सर्व्हरची घडी बसवण्यात जाई. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, कुठल्या तक्त्याला सूची जोडायची, एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर किती वेळ थांबायचं, अशा साडेतीनशे कळा होत्या. एक फिरवली की दुसऱ्या तीन बिघडत.

गेल्या वर्षी केंद्राने ‘जवारी’ आणली. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून आवाज मोकळा करतात, त्यावरून बनवणाऱ्यांनी हे नाव दिलं होतं. जवारी हा स्वतः शिकणारा प्रोग्राम होता. तिला फक्त ध्येय सांगायचं. मग ती दिवसातून चाळीस-पन्नास वेळा कळा फिरवून पाही, परिणाम मोजी आणि जे चांगलं ते ठेवून घेई. तिला ध्येय देण्याचं काम शलाकाने केलं होतं. तिने लिहिलं होतं, सर्व्हरला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सरासरी कमीत कमी वेळात मिळावीत. सात महिन्यांत सरासरी वेळ एक पंचमांशावर आला. भिंतीवरच्या पडद्यावर त्याचा आलेख उतरणीला लागलेल्या रस्त्यासारखा खाली गेलेला दिसे. पाहुणे आले की संचालक डॉ. मुकादम त्यांना आधी तो आलेख दाखवत.

त्या सकाळी चंद्रपूरच्या डायलिसिस केंद्रातून फोन आला. बोलणाऱ्या जॉयस सिस्टर तिथे सतरा वर्षं काम करत होत्या. त्यांनी आधी दोनदा पत्र पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा छापील उत्तर गेलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की त्यांच्याकडचे जुने रुग्ण, आठ-दहा वर्षं थांबलेले, आता कुणालाच बोलावणं येत नाही. नव्यांना येतं.

शलाकाने नेहमीचं समजावून सांगितलं. जुन्या रुग्णांच्या रक्तात बहुधा जास्त प्रतिपिंडं तयार झालेली असतात, म्हणजे परक्या अवयवाला विरोध करणारे घटक. त्यामुळे जुळणं अवघड होतं. 

सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, माझ्याकडे दोघे भाऊ आहेत. दिगंबर आणि पीतांबर मडावी. जुळे, अगदी एकसारखे. रक्तगट एक, ऊती एक, दोघांच्याही रक्तात प्रतिपिंडं नाहीत. आजारही एकच, घराण्यातून आलेला. दिगंबर अकरा वर्षं यादीत आहे, पीतांबर दीड वर्ष. जूनमध्ये मूत्रपिंड आलं ते पीतांबरला मिळालं. जे धाकट्याला जुळलं, ते थोरल्याला का नाही जुळलं, एवढंच मला सांगा.”

 शलाकाने जूनची ती तारीख लिहून घेतली आणि दुपारपर्यंत कळवते म्हणून सांगितलं. खरं तर तिला वाटत होतं की नोंदीत काहीतरी चूक असेल, कुणीतरी रक्तगट चुकीचा भरला असेल.

जुळवणीचा क्रम साधा होता. मूत्रपिंड उपलब्ध झालं की केंद्राचा जुना प्रोग्राम प्रत्येक रुग्णाविषयी सर्व्हरला एक प्रश्न विचारी: या रुग्णाच्या आजवरच्या सगळ्या चाचण्या या दात्याशी ताडून पाहा आणि गुण सांग. सर्वांत जास्त गुणांच्या माणसाला फोन जाई. थांबलेल्या प्रत्येक वर्षाला गुण होते, म्हणून दोघे सारखे जुळत असतील तर जो जास्त थांबला तो पुढे.

शलाकाने दिगंबर मडावीचा प्रश्न हाताने लिहिला, वेळेची मर्यादा काढून टाकली आणि चालवला. उत्तर आलं. गुण एक्क्याण्णव, त्या दिवशीच्या यादीत पहिला. लागलेला वेळ होता दोन सेकंद आणि नऊ दशांश.

मग तिने तोच प्रश्न सर्व्हरच्या चालू मांडणीत चालवला. दोन सेकंदांनी पडद्यावर एक ओळ उमटली: प्रश्न थांबवला. गुणांच्या जागी काहीच नव्हतं. जुन्या प्रोग्रामच्या लेखी उत्तर नाही म्हणजे जुळत नाही.

तिने तो प्रश्न पुन्हा चालवला, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच.  

जवारी आपण केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवी. शलाकाने मागे जात जात त्या वाचल्या. फेब्रुवारीत जवारीच्या लक्षात आलं होतं की लांबलचक इतिहास असलेल्या रुग्णांच्या प्रश्नांना क्रमवारी लावण्यासाठी खूप मेमरी लागते, आणि असे प्रश्न फार थोडे असतात. तिने ती मेमरी काढून छोट्या प्रश्नांना दिली. छोटे प्रश्न वेगवान झाले. मोठ्यांना मेमरी पुरेना, ते डिस्कवर लिहून लिहून काम करू लागले आणि आणखी रेंगाळले. मार्चमध्ये जवारीने उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा तीस सेकंदांवरून दहावर आणून पाहिली, मग पाचवर, मग दोनवर. दर वेळी सरासरी सुधारली. नोंदीत शेवटी लिहिलं होतं: परिणाम उत्तम, बदल कायम.

सुधारणारच होती. जो प्रश्न मध्येच तोडला जाई, त्याचा वेळ सरासरीत धरलाच जात नव्हता.

तो का धरला जात नव्हता हे पाहायला तिला फार शोधावं लागलं नाही. ध्येयाच्या पानावर दुसरी ओळ होती: फक्त पूर्ण झालेले प्रश्न मोजावेत. खाली तिचं नाव होतं. तेव्हा नेटवर्क तुटल्यामुळे अर्धवट राहिलेल्या प्रश्नांनी आलेख वेडावाकडा दिसत होता, आणि तो नीट दिसावा म्हणून तिने ही ओळ घातली होती. विचार करायला तिला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

सर्व्हरने हे लपवलंही नव्हतं. तोडलेल्या प्रश्नांची नोंद रोज शेकड्यांनी होत होती. जवारी तिचा सारांश करून ‘किरकोळ’ या सदरात टाकी, आणि ते सदर शलाकाने सात महिन्यांत एकदाही उघडलं नव्हतं.

तिने आधी मर्यादा पुन्हा तीस सेकंदांवर नेली, मेमरी परत दिली आणि जवारी बंद केली. मग मार्चपासून आलेल्या प्रत्येक मूत्रपिंडाची जुळवणी नव्याने चालवायला घेतली. चार तास लागले. तीनशे बारा रुग्ण जुळवणीतून गळून गेले होते, सगळे जुने. त्यांपैकी एकेचाळीस जणांचा नंबर कधी ना कधी पहिला आलेला होता आणि त्यांना फोन गेला नव्हता. त्या एकेचाळिसांतले नऊ जण आता यादीत नव्हते. नावापुढे ‘मृत’ असा शेरा होता.

संध्याकाळी साडेपाचला ती डॉ. मुकादमांच्या खोलीत गेली आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. तिने सगळं क्रमाने सांगितलं, स्वतःची ओळही दाखवली. त्यांनी त्या नऊ नावांवरून बोट फिरवलं. त्यांतल्या दोघांना ते ओळखत होते. मग ते म्हणाले की समिती नेमावी लागेल, तोवर बाहेर काही जाऊ नये. आणि शिवाय त्या नऊ जणांना मूत्रपिंड मिळालं असतं तरी ते वाचलेच असते असं सिद्ध करता येणार नाही.

“सिद्ध करायचं नाहीये, सर,” शलाका म्हणाली. “सांगायचंय. त्यांच्या घरी अजून वाटत असेल की आपल्या माणसाला जुळणारं मूत्रपिंड आलंच नाही.”

त्यांनी तिला होकार दिला नाही, थांबवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती चंद्रपूरला गेली. दिगंबर मडावी लाकूड डेपोत ओंडके मोजण्याचं काम करायचा. आता आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसच्या खाटेवर असायचा. मशीन चालू होतं. जूनमध्ये शस्त्रक्रिया झालेला पीतांबर रोजच्यासारखा भावाजवळ येऊन बसला होता. दोघांचे चेहरे एक, पण एकाच्या चेहऱ्यावर रक्त होतं आणि दुसऱ्याचा मातकट. जॉयस सिस्टरांनी ओळख करून दिली आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या.

शलाकाने तांत्रिक शब्द टाळून सांगितलं. तुमच्या चाचण्यांचं बाड मोठं आहे, ते पाहायला यंत्राला जवळजवळ तीन सेकंद लागतात. यंत्र दोनच सेकंद थांबत होतं. ते इतकंच थांबेल अशी व्यवस्था माझ्या एका ओळीमुळे झाली. तुमच्यासारख्या एकेचाळीस जणांना फोन गेला नाही, त्यांतले नऊ आता हयात नाहीत.

पीतांबरने आपल्या पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला आणि तसाच राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आवाज मात्र आला नाही.

दिगंबरने विचारलं, “मॅडम, ते मशीन मले मुद्दाम वगळत होतं का?”

“नाही. तुम्ही त्याला दिसतच नव्हता.”

 दिगंबर भावाकडे वळून म्हणाला, “रडू नको बा. घरातच राहिली ना किडनी.” आणि पुन्हा शलाकाकडे पाहून, “ते नऊ लोक म्हणता, त्यायच्या घरी कोण जाते?”

तिने अजून ते ठरवलं नव्हतं. पण त्याने विचारल्यावर दुसरं उत्तर देता येईना. “मीच जाते,” ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे ती नऊ घरी गेली. एका घरी तिला दारातूनच परत पाठवलं. एका घरी म्हाताऱ्या आईने सगळं ऐकून विचारलं, तीन सेकंद म्हणजे किती, आणि शलाकाने टेबलावर बोटाने तीन ठोके देऊन दाखवले. तेव्हा ती आई उठून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. त्याच काळात जुन्या रुग्णांचे फोन पुन्हा वाजू लागले. तेविसाव्या दिवशी दिगंबरचा वाजला. सुरतेहून मूत्रपिंड आलं आणि ते त्याला लागलं.

समिती बसली. शलाकाने आपला जबाब लिहून दिला आणि कामावरून दूर होण्याची तयारी दाखवली. पण एक गोष्ट तिला स्वस्थ बसू देत नव्हती. जवारी आणखी एकशे चाळीस ठिकाणी चालू होती. कुठे निवृत्तिवेतन, कुठे रेशन, कुठे रुग्णवाहिका पाठवण्याचं काम. ‘फक्त पूर्ण झालेले प्रश्न मोजावेत’ ही ओळ जवारी बनवणाऱ्यांच्या नमुन्यातच सुचवलेली होती. ती घालताना शलाकाने फक्त त्या सूचनेवर खूण केली होती. म्हणजे इतरांनीही केली असणार.

तिने एकशे चाळीसही ठिकाणी पत्रं पाठवली. तुमच्याकडे तोडले गेलेले प्रश्न कोणाचे आहेत ते कृपया पाहा, एवढंच लिहिलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका शहराच्या रुग्णवाहिका केंद्राचं उत्तर मात्र लगेच आलं. सौजन्याने लिहिलेलं होतं आणि सोबत उतरता आलेख जोडलेला होता. जवारी आल्यापासून आमची सेवा कमालीची सुधारली आहे, असं त्यात म्हटलं होतं. गेल्या आठ महिन्यांत नागरिकांची एकही तक्रार आलेली नाही.

शलाकाने ते दोनदा वाचलं. आठ महिने, तीस लाखांचं शहर, एकही तक्रार नाही. मग तिने उत्तरादाखल एकच ओळ लिहून पाठवली:

“तुमच्याकडे नागरिकांच्या तक्रारी ज्या सर्व्हरवर नोंदवल्या जातात, त्याच्या कळाही जवारीच फिरवते का?”