मँचेस्टरमधले पाच दिवस

दिवस पहिला : राजदीपच्या दारात. चहा.

पितांबर आबांनी वहीचं हे पान पुढे सरकवलं. ऑक्टोबरातलं विमान आठ दिवसांवर, आणि पासपोर्ट कपाटातून गेलेला.

खासगी तपास करणारी सविता जळगावहून धरणगावला आली होती. कपाटात आबांच्या दिवंगत पत्नीच्या सोन्याच्या पाटल्या तशाच होत्या. तिचा सहकारी कुंदन म्हणाला, "चोर विसरभोळा दिसतो."

आबा एकटे राहत. मुलगा राजदीप मँचेस्टरला, वर्षभर फोनवर बोललेला नव्हता. मेसेजला उत्तर यायचं ते फक्त 'ठीक'. न कळवताच ते जवळ असलेल्या त्याच्या पत्त्यावर जाणार होते.

दिवस दुसरा : कालव्याकाठची पानगळ. ट्राम.

घराची किल्ली आणखी दोघांकडे होती. स्वयंपाकाला येणारी भिकुबाई म्हणाली, "आबा ग्यात तं मी कोनले रांधू?" कुंदनने तिच्या नावाखाली रेघ मारली.

दुसरी किल्ली शेजारच्या वनाकडे; तो आबांचा बालमित्र. त्याची लेक दिपमाला मँचेस्टरलाच, राजदीपच्याच गल्लीत. दर रविवारी तिचा फोन. पासपोर्टचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

दिवस तिसरा : बाजार. रस्त्यावरची गाणी. गर्दी.

पलंगावर बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे, तीन डबे होते. भिकुबाईने राजदीपसाठी दिलेला, गल्लीतल्या कौतिकने तिकडच्या नातवासाठी, सुगंधाबाईने तिकडच्या भावासाठी. पासपोर्ट जायच्या आदल्या दिवशी गल्लीने आबांना नारळ-टोपी देऊन निरोप दिला, तेव्हाचे.

दिवस चौथा : अजून ठरलं नाही.

सविताने सगळ्यांना बसवलं.

"सोनं राहिलं. म्हणजे चोरी नाही, आबांना थांबवायचं होतं. भिकुबाईंनी राजदीपसाठी डबा भरला; आबा जाणार हे त्यांनी धरलंच होतं. वनाभाऊ, लेक तिथे तुमची, आणि डबा नाही तो तुमचाच. पासपोर्ट जागेवर होता तेव्हाच तुम्ही ठरवलं होतं, आबा जाणार नाहीत."

वनाने कोपरीच्या खिशातून पासपोर्ट काढला.

"पितांबर, राजदीपने जूनमध्येच ते घर सोडलं. दिपमाला सांगत होती. पत्ता कोणाकडे ठेवला नाही. परक्या दारात तू उभा राहिला असतास. हे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही."

मग आबांनी पासपोर्ट सदऱ्याच्या बाहीने पुसला. कुंदनने तिकीट रद्द करायचं का विचारलं. ते नको म्हणाले.

दिवस पाचवा : कोरं पान.

"तिथे आता कोण आहे तुझं?" वनाने विचारलं.

"कोणी नाही. दिवे लागले की इथेही कोणी नसतं. तिथे निदान गर्दीत असेन."