गुळवेलीचा रुसवा

यंत्राच्या नरसाळ्यावर पूनमनं लाकडी हातोडीनं तीनदा ठोकलं. पलीकडून तीनदाच उत्तर आलं.

ती वाकून बघते तो... पत्र्याआडून दोन डोळे, भुवयांवर तपकिरी भुकटी. औषधी गोळ्यांच्या यंत्रावरचा नवा ऑपरेटर मल्लिनाथ, अक्कलकोटकडचा.

"मॅडम, मारून ऐकणार न्हाय ती भुकटी."

"मग लाडानं सांगा तुम्ही."

तो खरंच सांगायला लागला. यंत्र सुरू केलं की ओठांतल्या ओठांत— हरी, हरी...

पूनमला हसू आवरेना. "नाव मल्लिनाथ आणि तोंडी हरी?"

"देव न्हाय ओ. कानडीत हरी म्हंजे वाहा."

तिचे कान तापले.

पण गुळवेलीच्या अर्काची ती भुकटी काही वाहत नव्हती. गुठळ्या व्हायच्या, गोळ्या कमी-जास्त वजनाच्या पडायच्या. पूनमनं पाण्याऐवजी स्पिरिट वापरून तिचे रव्यासारखे दाणे केले. वरच्या मजल्यावर तिच्या प्रयोगशाळेत ते सुरेख घरंगळत; यंत्रात मात्र अडून बसत. शुक्रवारची चाचणी शेवटची. फसली तर सोलापुरातली ही नोकरी संपणार आणि घरची, माळशिरसची गाडी धरायची.

गुरुवारी मल्लिनाथ डबा घेऊन शेजारी बसला. "एक बोलू? दुपारी ती बरी वागती. सकाळी फरशी धुतली की रुसती."

पूनमचा घास हातातच राहिला. ओल... हवेतली ओल पिऊन दाणे चिकटत होते!

"कधीपासून माहीत होतं?"

"आठवडा झाला." त्यानं मान खाली घातली. "तुमी रोज खाली यायचा की... हातोडी घेऊन. शेवटची चाचणी हाय हे आजच कळलं."

ती डबा बंद करून उठून गेली. रागावली होती. खूप नाही.

शुक्रवारी फरशी धुवू दिली नाही, कोरड्या फडक्यानं पुसून घेतली. दाणे एका धारेत उतरले, गोळ्या टपटप पडत राहिल्या. वजनं बरोबर. पूनमनं हातोडी त्याच्या हातात दिली.

"माफ केलं का?" त्यानं हळूच विचारलं.

"बघू. तुमच्या आईला मराठी येतं?"

"न्हाय... का?"

"तुमची तक्रार त्यांच्याकडंच करायची म्हणते. दारात गेल्यावर काय म्हणू, ते शिकवा."

त्यानं भुवयांवरची भुकटी पुसली. मग म्हणाला, "'अव्वा, नानु बंदे.' आई, मी आले."

तिनं अडखळत म्हणून पाहिलं. "मग त्या काय म्हणतील?"

"'इष्टु दिन यल्लिद्दी?'"

"म्हणजे?"

"इतके दिवस कुठं होतीस..."