फळीमागची जीवखिडकी

मी शपथ घेणार नाही. आमच्या घरात शपथा माझा नवरा घेतो, आणि त्याच्या शपथेची किंमत मला चांगली कळली आहे.

जे झालं ते सांगते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

रात्र नव्हती. वादळही नव्हतं. एकोणीस सप्टेंबर, मंगळवार, भर दुपार. लख्ख ऊन पडलं होतं. आगगाडीच्या डब्यात तीस-चाळीस माणसं होती. कुणी सँडविच खात होतं, कुणी डोंगरांचे फोटो काढत होतं.

अशा वेळी असं काही होतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

माझं नाव फिलोमेना. आमचं गाव स्वित्झर्लंडमधल्या गोम्सच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला. नवरा लिआंडर गावच्या डेअरीत चीज बनवतो. लग्नाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. लग्नानंतर लगेच आम्ही आगगाडीने जाणार होतो. कूर, इन्सब्रुक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना. वाटेत तळ्याकाठची दोन छोटी गावं. मी तेव्हाच वहीत सगळी गावं लिहून काढली होती.

ती वही पिवळी पडली, पण सहल काही झाली नाही.

दोन वेळा बॅगा भरल्या. दोन्ही वेळा माझ्या सासूबाई मरायला टेकल्या. पाद्री आले, कपाळाला तेल लावलं, बायका माळ जपत बसल्या... आणि तिसऱ्या दिवशी सासूबाई उशीला टेकून बटाटे आणि चीज मागत होत्या.

"आई, तुम्ही मुद्दाम करता," मी एकदा म्हटलं.

"अगं, मरण माझ्या हातात असतं तर तुझ्या लग्नाआधीच मेले असते," त्या म्हणाल्या आणि खूप हसल्या.

सासूबाईंचं नाव क्रेझेन्झिया. वय एक्याण्णव. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. कमरेखाली जीवच नव्हता. त्यांचं सगळं मीच करायचे. खोटं कशाला बोलू, वैताग यायचा. पण त्या मला कधी परकी समजल्या नाहीत, हेही खरं.

त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

आमचं घर जुनं, लाकडी. सासूबाईंच्या खोलीत पलंगाच्या वर, भिंतीत वीतभर रुंदीचं एक भोक आहे. त्यावर सरकती फळी. तीच जीवखिडकी. घरात कुणी गेलं की ती उघडायची, म्हणजे जीव बाहेर जातो. मग लगेच बंद करायची, म्हणजे तो परत येत नाही. एरवी तिला हातसुद्धा लावायचा नाही.

या घटनेच्या दोन वर्षं आधी लिआंडरने घराची ऊब टिकावी म्हणून भिंतींना आतून नव्या फळ्या मारून घेतल्या. जीवखिडकी त्या फळ्यांमागे गेली.

सासूबाई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

"अगं आई, आहे ती मागे," तो म्हणायचा. "चार स्क्रू काढले की झालं. शप्पथ."

त्याची पाठ वळली की त्या माझा हात धरायच्या. "फिलो, तू काढ हं स्क्रू. याच्यावर विसंबू नकोस. मला आत कोंडू नका गं."

"काढीन, आई."

मी तसा शब्द दिला होता.

या वेळी सगळी व्यवस्था चोख होती. नऊ दिवसांची सहल. वेरेना नावाची नर्स दिवसातून तीनदा येणार. नणंद आगाथा दुपारी ब्रिगहून येऊन मुक्कामाला राहणार. आमची गाडी बारा वाजून वीस मिनिटांची.

त्या सकाळी लिआंडर म्हणाला, "आईचं आज मी बघतो. तू केस बांध, नीट तयार हो."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा! मी खूश झाले. आपला नवरा उशिरा का होईना, पण सुधारला, असं वाटलं.

निघताना मी सासूबाईंच्या दाराशी गेले. लिआंडर आतून नुकताच बाहेर आला होता. त्याने दार ओढून घेतलं.

"झोपलीय. उठवू नकोस. उठली की रडारड करेल आणि गाडी चुकेल. मी निरोप घेतलाय दोघांच्या वतीने."

मग त्याने नेहमीसारखं सगळं घर फिरून पाहिलं. प्रत्येक खिडकी बंद. प्रत्येक कडी दोनदा ओढून बघितली.

आम्ही निघालो.

पहिला आवाज फुर्काच्या बोगद्यात आला.

पावणेएक वाजला असेल. बाहेर काळोख, काचेत आमचेच चेहरे. मी बॅगेतून सफरचंद काढत होते.

आणि माझ्या पाठीमागून...

खर्र... खर्र...

नखांचा आवाज. लाकडावर फिरणाऱ्या नखांचा.

मी मागे वळून पाहिलं. मागे डब्याची भिंत. ती पत्र्याची आणि प्लास्टिकची. लाकूड नावालासुद्धा नव्हतं.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?"

"कुणीतरी ओरबाडतंय."

"गाडी आहे ती, वाजणारच," लिआंडर म्हणाला. पण तो सफरचंद कापायला काढलेला चाकू हातात विसरून माझ्या खांद्यामागे बघत होता.

खर्र... मग थोडा वेळ काहीच नाही. मग अगदी हळू, तळहाताने चाचपल्यासारखं... खर्र...

अंधारात माणूस कडी शोधतो, तसं.

आंदरमाटला गाडी बदलायची होती. फलाटावरून मी घरी फोन लावला. आगाथा पोचलेली असायला हवी होती.

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

"आईला भरवत असेल," लिआंडर म्हणाला. "चल, जागा पकडू."

दुसरी गाडी चकचकीत होती. छतापर्यंत काचा, पांढरे टेबलक्लॉथ. एकतीस वर्षं मी अशाच डब्याची स्वप्नं पाहिली होती. पण मला बाहेर बघवेना.

कारण आता वास येत होता...

अर्निकाच्या तेलाचा. रोज रात्री मी सासूबाईंच्या गुडघ्यांना लावायचे, तेच तेल. मी माझे हात हुंगले. हाताला साबणाचा वास होता.

गाडी चढण चढू लागली. वाढपी बाई बार्लीचं सूप घेऊन आली. चाळिशीची, हसरी. सूप ठेवून ती माझ्याकडे वाकली.

"तुमच्या आजींना सांगाल का, या डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. त्या किती वेळ काच चाचपतायत. पुढच्या साध्या डब्यात उघडतात. मी नेऊ का त्यांना?"

"कुठल्या आजी?"

"अहो, हिरवी लोकरी शाल..." तिने माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बोट केलं.

बोट तसंच राहिलं.

"आत्ता तर इथे होत्या," ती पुटपुटली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"आम्ही दोघंच आहोत," लिआंडर एकदम ओरडला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. ती बाई घाईघाईने निघून गेली.

हिरवी लोकरी शाल. मीच विणली होती. सासूबाई रात्रंदिवस ती अंगावरून काढत नसत.

मी फोन काढला आणि वेरेनाला लावला.

"फिलोमेना? अहो, मजा करा की! तुमच्या यजमानांनी सकाळीच कळवलं, आज येऊ नका, आगाथाताई आहेत म्हणून."

मग आगाथाला लावला.

"मी? मी अजून ब्रिगलाच आहे. लिआंडर म्हणाला, दिवसभर नर्स आहे, तू सहाला ये. का गं? काय झालं?"

मी फोन खाली ठेवला.

खर्र... खर्र... खर्र... आता आवाज भराभर येत होता. माझ्या कानाजवळ, सीटच्या आत, टेबलाखाली. लिआंडरलाही ऐकू येत होता. त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"काय केलंस तू?" मी विचारलं.

त्याने सुपाची वाटी बाजूला सरकवली.

"लिआंडर, काय केलंस?"

"दहा वाजता कॉफी घेऊन गेलो," तो म्हणाला. "ती गेली होती. हात बर्फासारखे. श्वास नव्हता."



"सांगितलं असतं तर तू बॅगा सोडायला घेतल्या असत्यास," तो बोलतच सुटला. "तिसऱ्यांदा! मग आयुष्यभर टोमणे कुणी ऐकायचे? आगाथाला सहा वाजता कळलं असतं. तोवर आपण ऑस्ट्रियात. दफन तिसऱ्या दिवशी. परत आलोच असतो. दोन गावं तरी तुला दिसली असती. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तुझ्यासाठीच केलं मी."

लोक मढं झाकून पेरणी करतात. हा मढं झाकून सहलीला निघाला होता, आणि वर माझ्यावर उपकार केल्याच्या थाटात बोलत होता.

"जीवखिडकी उघडलीस?"

"त्यावर फळी आहे."

"मग खोलीची साधी खिडकी?"

त्याने मान खाली घातली. "पाऊस येईल म्हणून... लावून घेतली."

गाडी खिंडीच्या माथ्यावर पोचली. बाहेर तळं होतं. सगळा डबा तळ्याचे फोटो काढायला उठला.

आणि आवाज थांबला.

एकदम. मध्येच. कुणी हात उचलून घ्यावा तसा.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेलाचा वासही गेला होता.

डिसेंटिसला आम्ही उतरलो आणि उलटी गाडी पकडली. परतीच्या वाटेवर मी कान देऊन बसले होते. बोगद्यात तर मी पाठ भिंतीला टेकवून मनातल्या मनात म्हणत होते, आई, वाजवा. एकदा तरी वाजवा.

काहीच वाजलं नाही. ती शांतता मला त्या आवाजापेक्षाही असह्य झाली.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. आगाथा दारातच रडत उभी होती. लिआंडर तिच्याशी एक शब्द न बोलता पाद्रींकडे आणि चर्चमध्ये मरणाची घंटा वाजवायचं सांगायला निघून गेला. अशा वेळी बाहेरची कामं बरी सुचतात पुरुषांना.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन खोलीत शिरले. सासूबाई पलंगावर होत्या, पण डोकं पायथ्याकडे होतं. शाल जमिनीवर पडली होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आधी दिलेला शब्द पाळायचा होता. मी पलंगावर चढले. चार स्क्रू काढले. फळी काढली. मागे उबेसाठी भरलेला कापूस उपसला.

मागे जीवखिडकी नव्हती.

भोकात लाकडाचा ठोकळा बसवून, वर खिळे मारून, ते कायमचं बुजवलेलं होतं. नव्या पिवळ्या लाकडाचा ठोकळा. दोन वर्षं तो शपथ घेत होता, की आहे ती मागे.

मी साधी खिडकी सताड उघडली. त्या वेळी तेवढंच हातात होतं.

डॉक्टर आले. त्यांनी सासूबाईंना तपासलं, जबडा हलवून पाहिला, काखेत हात घालून पाहिला. खोलीत मी एकटीच होते.

"चार तास झाले असतील," ते म्हणाले. "फार तर साडेचार. अंग अजून पुरतं गार झालेलं नाही. दोन-सव्वादोनला गेल्या असं लिहितो."

"दहाला नाही?" मी विचारलं.

"सकाळी दहा? छे! या वयात कधीकधी श्वास इतका मंद होतो की घरच्यांना वाटतं, गेल्या. हात गार पडतात. पण दहाला त्या जिवंत होत्या." मग त्यांनी सासूबाईंचा हात उचलून उजेडात धरला. "यांना चालता येत होतं का?"

"सहा वर्षं नाही."

"मग नखांत हे लाकडाचे तुकडे कसे?"

पलंगाच्या वरच्या फळीवर ओरखडे होते. मी स्क्रू काढताना ते माझ्याच हाताखाली होते. मला वाटलं, सुताराचे असतील.

मग बोगद्यात मी काय ऐकलं? त्या वाढपी बाईला कोण दिसलं? तेव्हा तर सासूबाई घरी होत्या. जिवंत होत्या. जिवंत माणसाचं भूत असतं का, हे मी पाद्रींना विचारलं. ते म्हणाले, थकली आहेस, झोप.

लिआंडर परत आला तेव्हा त्याने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"झोपेत गेल्या म्हणाले."

त्याने सुटकेचा श्वास टाकला. रात्री पोटभर जेवला. त्याला मी आजपर्यंत खरं सांगितलेलं नाही. दयेने नाही. ज्या दिवशी मला हवं असेल त्या दिवशी सांगेन.

तो ठोकळा मी सुताराकडून काढून घेतला. नवी सरकती फळी बसवली. ती मी उघडली, पण बंद करायचा धीर होत नाही. त्या बाहेर गेल्या की नाही, हे मला कुठे माहीत आहे? हिवाळ्यात बर्फ आत येतं. लिआंडर कुरकुरतो. कुरकुरू दे.

पहिल्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेनंतर आगाथाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "एक विचारू? निघताना तू आईला पाहिलंस का गं?"

"लिआंडर म्हणाला झोपल्यात. दार लावलेलं होतं."

तिने मान डोलावली. मला जवळ घेतलं. म्हणाली, "तुझी काय चूक?"

मी तिला एवढंच सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

निघायच्या त्या सकाळी लिआंडर बॅगा घेऊन खाली गेला, तेव्हा मी त्या दाराशी एकटीच उभी होते. हात मुठीवर होता. आतून आवाज आला होता. बारीक, लाकडावर नख फिरल्यासारखा. मला वाटलं, त्या उठल्या. आता हाक मारतील, आता माझी सहल गेली.

मी मुठीवरचा हात काढला आणि जिन्याने खाली उतरले.