सुयशचा आग्रह

दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली नसती, तर सुयशला सुखदा भेटलीच नसती. ऑफिसातून येऊन तो जिने चढत होता, आणि चौथ्या मजल्यावर भिंतीला डोकं टेकून एक मुलगी पायरीवर बसली होती. शेजारी मटारची पिशवी. “आई गं...” ती स्वतःशीच म्हणाली.

“मराठी का?” त्यानं विचारलं.

तिनं एक डोळा उघडला. “दमल्यावर मराठी. एरवी हिंदी.”

झालं, स्वारी तिथेच घसरली! पिशवी त्यानं पाचव्या मजल्यावर पोचवली. तिथं ती भाऊ सिद्धांत आणि शिवांगीवहिनीकडे राहायची. भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत.

सुयश पुण्याचा, पण आई कोल्हापूरची. पाहुण्याच्या पानात नको-नको म्हणताना आणखी एक पोळी पडल्याशिवाय त्यांच्या घरी माया पोचतच नसे. त्याचं प्रेमही तसलंच. हिवाळ्याचं छान ऊन पडलंय, चल ना, पार्कात एकच चक्कर. कस्तुरबा गांधी मार्गावर साबुदाणा वडा मिळतो, चल ना, मेट्रोनं जाऊ. ती आज नको म्हणे, तो पुन्हा म्हणे, मग ती हसून चपला घाले. मेट्रोत त्याच्याकडे अशी बघे, की स्टेशन आलेलं त्याला कळत नसे.

पण भेट झाली की बाई गायब. फोन बंद. काही दिवसांनी उगवे, “काम होतं यार” म्हणत. सुयशला वाटे, भाव खातेय. इतका कसा आंधळा!

एका रविवारी गच्चीवर दुपारभर गप्पा झाल्या. त्याला आवडतात म्हणून ती केस धुऊन, मोकळे सोडून आली होती. दुसऱ्या दिवशी तो गाजरहलवा घेऊन गेला, तर वहिनीनं दारातच ओठांवर बोट ठेवलं. खोलीत पडदे ओढलेले, सुखदा डोळ्यांवर ओढणी घेऊन पडलेली. पाण्याचा पेलाही तिला उचलवत नव्हता.

वहिनीनं स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. मागे एक ताप आला, तो गेला, पण थकवा गेलाच नाही. डॉक्टर त्याला क्रॉनिक फटिग म्हणतात. जरा जास्त झालं की पुढचे दिवस अंथरुणात. केस धुणं, ओट्याशी उभं राहून भाजी चिरणं, मेट्रोतला गोंगाट... एवढंसंही पुरतं.

“आणि आनंदही,” वहिनी म्हणाली. “खूप हसली तरी पडते ती, सुयश.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुखदा उठून बसू लागल्यावर त्यानं विचारलं, सांगितलं का नाहीस?

“तुला नाही म्हणवत नव्हतं रे. म्हटलं, पडून राहावं लागेल... पण त्याआधी तू असशील ना.”

त्या दिवसापासून त्यानं आग्रह सोडला. नुसता शेजारी बसे, ती डोळे मिटून त्याचं बोट धरी. तिच्यावर आपला जीव जडलाय हे त्याला पुरतं कळलं ते तेव्हाच. लग्नाचा शब्द मात्र रोज ओठांवर येई आणि तो गिळून टाकी.

मार्चमध्ये सिद्धांतची बदली झाली, पुण्याला. सुखदाचं काम लॅपटॉपवरचं, इथंच सोसायटीत तळमजल्यावर एक खोलीही रिकामी होत होती; राहायचं तर तिला राहता आलं असतं. तिनं खाली बघत विचारलं, “तुला काय वाटतं... मी जाऊ?”

राहा, लग्न कर माझ्याशी, हे सगळं त्याच्या जिभेवर होतं. पण आपण म्हटलं की ही नाही म्हणणार नाही, आणि मग भोगत बसेल, या धास्तीनं तो म्हणाला, “तुला झेपेल तसं कर.”

तिनं मान वर केली. मग म्हणाली, “बरं.”

निघायच्या दिवशी लिफ्ट चालू होती, तरी टॅक्सीत बसेपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडला. सुयशनं तिच्या मानेमागे उशी सारली.

“वड्यासाठी केवढा मागे लागायचास,” ती हळूच म्हणाली. “राहा म्हणून एकदा तरी मागे लागायचंस... मी हो म्हणायलाच बसले होते.”

तो टॅक्सीचं दार धरून उभा राहिला. आता उतर म्हणावं, तर उतरण्यापुरतंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिनं डोळे मिटले. त्यानं दार आवाज न करता लावलं, आणि ड्रायव्हरला म्हणाला, “भैया, आराम से चलाना।”