एक लाख कामं आणि एक किटली

मैत्रिणीनं ओढत आणलं म्हणून संयोगिता शाहूपुरीतल्या त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मेळाव्याला आली… आणि दारातच थबकली. पुढं लॅपटॉपपाशी विश्वजित उभा होता. कॉलेजातला कोडोलीचा विश्वजित. बोलता बोलता बाह्या दुमडायची सवय तीच, आणि डेमोसुद्धा तोच.

"एक लाख कामं एकदम सोडतोय," तो म्हणाला. "प्रत्येकानं एक सेकंद थांबायचं, बास."

जुनाट लॅपटॉपनं सेकंदाच्या थोडं पुढं जाऊन सगळी उरकली. टाळ्या पडल्या.

याच डेमोवरून तिनं कॉलेजात भर वर्गात त्याची टर उडवली होती. त्यातून भांडण झालं, भांडणातून रोजचा चहा सुरू झाला, आणि मग… बोलायचं तेवढं राहिलं नि ती नोकरीला पुण्याला गेली. उद्या तिला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून ती सुट्टी काढून घरी आली होती. स्थळ सगळ्या घराला पसंत होतं. तिलाही नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं, आत्तापर्यंत तरी.

तिच्या तोंडून जुनाच प्रश्न निसटला. "सगळी नुसती थांबल्यात. ह्यात काम कुठं हाय?"

आवाज ओळखून तो मान खाली घालूनच हसला.

"काम न्हाईच. थांबायचा भार किती, एवढंच मोजलंय. आमच्या गावच्या डेअरीत रांगेत माणूस उभा ऱ्हात न्हाय. किटली ठेवतो आन् वैरण आणाय जातो. ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रत्येक काम तसंच किटली ठेवून जातंय. म्हणून लाख मावत्यात."

चहाच्या वेळी तो दोन कप घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला.

"लग्न केलं न्हाईस?" तिनं कपात बघत विचारलं.

"किटली ठेवलीय की… कॉलेजपास्नं."

"आणि कुणी सरकवली असती तर?"

"आमच्यात दुसऱ्याची किटली कोण सरकवत न्हाय."

"मग तवाच सांगायला काय झालतं रे?"

"तुझ्या प्रश्नांचं भ्या वाटायचं." त्यानं बाही दुमडली. "आज बी वाटतंय. पर तू मला आवडतीस, संयोगिता."

तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं याच वाक्यासाठी ती मनातून रुसून बसली होती. ती उठली, पर्स खुर्चीवर ठेवली.

"कुठं निघालीस?"

"आईला फोन करायला. उद्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगायचंय." दारापाशी जाऊन ती वळली. "पर्स ठेवलीय — सरकवू नकोस."